हातगुण

"हेडमाळी, हे टोमॅटोचं पान आहे की नेच्याचं?" बाईसाहेबांनी पान माझ्यापुढे धरलं.

पान खरंच नेच्यासारखं अरुंद झालं होतं. त्यावर फिकट आणि गडद हिरवी ठिगळं. फळं सुपारीएवढीच राहिलेली. लोणावळ्याच्या त्या बंगल्यावर नाताळपासून मेपर्यंत पाहुणे असत, आणि बागेतला टोमॅटो ताटात लागेच. जबाबदारी माझी होती.

मी म्हणालो, "ठकूबाईचा हातगुण नाही, बाईसाहेब."

ठकूबाई मळवलीच्या वरच्या ठाकरवाडीतून रोजावर यायची. वाफ्याला पाणी तीच घालायची. ती तिथंच उभी होती.

"भाऊ, म्या निस्तं पानी घालते. झाडाला हात तुमीच लावता न्हवं?"

खरं होतं. बगलफूट मी दुसऱ्या कुणाला काढू देत नसे. पानाच्या बेचक्यात फुटणारा कोंब म्हणजे बगलफूट. तो नखानं खुडला की झाडाचा जोर फळात जातो.

"झाडाला कळतं कोण जवळ आलं ते," मी हसून म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद झालं.

रोगट झाडं जाळली. दुसऱ्या कोपऱ्यात नवी रोपं लावली. मी ज्या ओळीनं खुडत गेलो, त्याच ओळीनं रोग माझ्यामागून आला. मग पुण्याहून शेतकी खात्यातले साहेब आले. त्यांनी पान पाहिलं, आणि मग माझा तळहात.

"तंबाखू मळता?"

"थोडी. काम करता करता."

"मग रोग तुम्हीच लावताय. तो तंबाखूच्या पानात असतो, पान वाळलं तरी मरत नाही. बोटावरून खुडलेल्या जागी शिरतो. व्हायरस म्हणतात त्याला. साध्या मायक्रोस्कोपमधूनही दिसत नाही."

"औषध?"

"साबण. आधी हात धुवा, मग झाडाला लावा."

तिसरी लावण स्वच्छ निघाली. बाईसाहेबांना मी सांगितलं, खत बदललं.

पावसाळा सरल्यावर मळवली स्टेशनाबाहेर ठकूबाई भेटली. डोक्यावर मोळी.

"बेलवांगी बरी हायती का, भाऊ?" टोमॅटोला ती बेलवांगीच म्हणे.

"बरी आहेत."

"म्या गेले त्येच बरं झालं मग. घरचा भोपळा बी आता सुनंच्या हातनं लावते. माज्या हाताला गुण न्हाई."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी घासाघीस न करता मोळी घेतली. घरी जळण भरपूर होतं.

इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. हाताखाली नवा माळी आला की आधी त्याला साबणाची वडी देतो. तो कुणाच्या हातगुणाचं बोलू लागला, तर म्हणतो, "तू आधी हात धू."