मालकिणीच्या उरलेल्या गोळ्या

"पिऊन आलीये ही," मालकीण म्हणाली आणि मगभर पाणी माझ्या बायकोच्या तोंडावर मारलं.

बायको मोरीत पडलेली. हातात घासणी तशीच. ओठ निळे. मी बंगल्याच्या बागेत पाणी घालत होतो, आवाज ऐकून धावलो. ह्या बाईनं जन्मात दारूचा वास घेतला नाय.

काय झालं ते मला ठाऊक होतं. तिला झोप येईना, म्हणून मालकिणीनंच आपल्या झोपेच्या गोळ्या दिलेल्या. शिळ्या पोळ्या, जुनी साडी आणि तळाला कागदात बांधलेल्या गोळ्या. एकाच पिशवीत. "तुमच्यातल्यांना डॉक्टर कशाला हवा? ह्या घे." माझ्या बापानं देवळा तालुक्यातल्या आमच्या गावात शिळं मागणं सोडलं. मार खाल्ला, पण सोडलं. आणि इथं नाशकात माझ्या घरात उष्टी झोप शिरली. आधी एक गोळी. एकीनं भागेना, मग दोन. आदल्या रात्री वरून खोकल्याचं औषध.

"गाडी काढा," मी म्हणालो.

"सीट खराब होईल. रिक्षा बघ. आणि ऐक म्हाताऱ्या, गोळ्यांचं नाव काढायचं नाही. चक्कर आली म्हण. कामं टिकवायचीत ना?"

तिथंच डोकं लख्ख झालं. माझं माणूस मरत होतं अन् ही स्वतःची अब्रू झाकत होती.

आजवर मागच्या दारानं आलो-गेलो. त्या दिवशी चिखलाच्या पायांनी हॉलमध्ये घुसलो.

"गोळ्यांचं पाकीट द्या."

"बाहेर हो आधी! फरशी बघ!"

"पाकीट घेतल्याबिगर हलत नाय."

तिनं फेकलं. मी उचललं.

सिव्हिलमध्ये डॉक्टरीणबाईंनी पाकीट वाचलं आणि एकच धावपळ. नळ्या, ऑक्सिजन. नंतर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या गोळ्या, त्यावर ते औषध. श्वासच थांबत होता, बाबा. आता एकदम बंदही करायच्या नाहीत. आम्ही सांगू तशा हळूहळू सोडवायच्या."

संध्याकाळी तिनं डोळे उघडले. पहिलं काय बोलावं?

"बाईंची भांडी राहिली."

माझ्या अंगाचा भडका उडाला.

जबाब घ्यायला हवालदार आला. "बंगलेवाल्यांचं नाव घालू का, बाबा? मोठी माणसं हायेत."

बायकोनं माझी बाही धरली. "कामं जातील हो."

"जाऊ दे. लिवा साहेब. गोळ्या कुणी दिल्या ते लिवा. गप बस कुणी म्हणलं ते लिवा. अन् पाणी कुणी मारलं, तेबी लिवा."

त्यानं शाईचा डबा पुढं सरकवला. मी पेन मागितला. माझी सही वाकडीतिकडी येते, वेळ लागतो. लागू दे. अंगठा देणार नाय.