एका लिटरचं वजन
डांबराच्या गाडीमागे थांबलो की आमच्या सोयाबीन मिलच्या बॉयलरचा वास आठवतो. मिलला गॅस जोडला तेव्हा मालकाने मला, मिलच्या हिशेबनिसाला, बॉयलरमध्ये आधी जळणाऱ्या भट्टीच्या तेलाचे लिटर गॅसच्या उष्णतेच्या मापात मांडायला सांगितले. तेवढ्याच मालाला तेलाची उष्णता गॅसपेक्षा काही टक्के जास्त निघाली. मालक म्हणाला, "हे तेल जळालं नाही, विकलं गेलं." किन्हीराजाहून सायकलने येणारा म्हातारा बॉयलरवाला टाकीची काळी मोजकाठी धरून माझ्यापुढे उभा राहिला. "साहेब, म्या रोज काठी बुडवून लिवलं. एक थेंब बाहेर गेला नाही. हिसाब अजून एक डाव पाहा ना." "आकडे खोटं बोलत नाहीत," मी कागदावरून मानही वर न करता म्हणालो. त्याच दिवशी त्याला काढलं. पंधरवड्याने तोच कागद पुन्हा हातात आला, तेव्हा दिसलं की उष्णतेचा आकडा एका किलो तेलाचा होता आणि मी तो लिटरला लावला होता. तेलाचा लिटर किलोपेक्षा हलका भरतो. ज्याला चोरी म्हटलं, तो फरक तेवढाच. मी कागद फाडून बॉयलरमध्ये टाकला. परवा म्हातारा बाजारात भेटला. थकला होता, सायकल हातात धरून चालत होता. "साहेब, पाह्यला का मंग हिसाब?" मी म्हणालो, "पाहिला. माझे आकडे बरोबरच होते."