सोड्यांची बरणी

अन्वी, ईशान, तुमची हिराआजी, माझी धाकटी जाऊ, गेली तेव्हा तुमच्याकडे रात्र होती. ‘मुलांची झोपमोड नको,’ असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर ‘हिरा गेली’ हे वाक्य मला उच्चारताच येत नव्हतं...

शिरवणे गावातल्या आपल्या घराच्या गच्चीवर ती दरवर्षी कोळंबी सोलून सुकवायची आणि सोड्यांची पिशवी तुमच्या सामानात कोंबायची. गेल्या वर्षी सोडे सुकत असतानाच तिचं पोट फुगू लागलं. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली. शस्त्रक्रिया ठरलीच होती. पण डॉक्टरबाईंना ती गाठ नेहमीची वाटेना, म्हणून त्यांनी आधी सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. निघाला लिम्फोमा. हा पांढऱ्या पेशींचा कर्करोग, अंडाशयात क्वचितच सुरू होणारा. “मोठं ऑपरेशन नको. हा औषधांनी विरघळतो,” त्या म्हणाल्या.

हिरा पोटाकडे बघत म्हणाली, “याचा काम कदीच संपला. मंग आता कशाला दुकान उघडला?” डॉक्टरबाईसुद्धा हसल्या.

केमो सुरू झाली आणि तिला मासळीचा वास सोसेना. सोड्यांची बरणी तिने माझ्या ओट्यावर आणून ठेवली. “ताई, तुज्याकडं ठेव. पोरा येतील तवा मीच रांधीन.” महिने गेले, गाठ आक्रसत गेली. एका दुपारी डोक्यावरचा रुमाल सावरत ती दारात उभी. “माजी बरणी दे. सोडं खावंसं वाटतंय.” औषध लागू पडलंय, हे मला त्या क्षणी कळलं. नंतरचा स्कॅनही स्वच्छ आला. मी तुम्हाला लगेच डिसेंबरची तिकिटं काढायला लावली.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी मी तिच्याकडे गेले, तर ती बरणी उघडून बसली होती. एक सोडा बोटांत धरून तिने विचारलं, “ताई, ह्या काय हाय?”

“कालवण कर, मग सांगते,” मी म्हटलं. मला थट्टाच वाटली. ती हसली नाही. सोडा उलटसुलट करून बघत राहिली...

आजार मेंदूत पोचला होता. पुन्हा औषधं दिली, वेगळी, जास्त कडक. या वेळी काही विरघळलं नाही.

बरणी परत माझ्या ओट्यावर आहे. तिकिटं रद्द करू नका, बाळांनो. सोडे किती भिजवायचे, कांद्यात कधी टाकायचे, मला काही येत नाही. कितीदा विचारलं, दरवेळी एकच उत्तर, “तुला कशाला? मी हाय ना.” रोज ओटा आवरताना बरणी उचलते, पुसते, जागेवर ठेवते. झाकणाला हात लावत नाही.