खरं बोलण्यावरचा निबंध

हे सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. मंडळाच्या स्पर्धेचा विषय निघाला की मी चहा टाकायला उठायचो.

निवृत्तीनंतर मुलाकडे मस्कतला, मदिनत सुलतान काबूस या बंगल्यांच्या वस्तीत राहायला आलो आणि रिकामपणी मराठी मंडळात घुसलो. अमेरिकेतल्या जुन्या कॉलेजांत दारू आणि द्वंद्वयुद्धाविरुद्ध निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना बक्षिसं देत, म्हणजे पोरं सुधारतील, असं कुठेसं वाचलं होतं. आपणही मुलं सुधारू, म्हटलं. विषय दिला 'खरं बोलणं'. निबंध घरून लिहून आणायचा, परीक्षक मीच.

निबंध भराभर आले. ज्या मुलांना 'एकोणसाठ म्हणजे किती?' विचारावं लागतं, त्यांनी 'सत्य हा जीवनाचा पाया आहे' असं झोकात लिहिलं होतं. आईबापांची ही मेहनत सगळ्यांना ठाऊक होती. कोणी काही बोलत नसे.

एक निबंध वेगळा होता. हमरिया या कामगारवस्तीतल्या एका तेरा वर्षांच्या मुलीचा. तिने रोज्यात चोरून पाणी प्यायलं होतं आणि संध्याकाळी आईने कौतुकाने पहिला खजूर तिच्याच हातावर ठेवला होता. तो घशाखाली कसा उतरेना, एवढंच लिहिलं होतं. मी लाल पेनाने शेरा मारला: 'मुलीने लिहिलेला नाही. बाद.' इतकं सुरेख मराठी त्या घरातून येईल, असं मला वाटलंच नाही. खरं कारण हेच.

बक्षीस समारंभात तिचे वडील तो कागद घेऊन आले. हमरियात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं.

"साहेब, मी उर्दू शाळेतला. मला मराठी लिवता येत नाय, बायको चौथी शिकलेली. मग लिवला कोणी?"

मी म्हणालो, निकाल लागलाय.

"बक्षीस ऱ्हाऊ दे. तेवढी लाल ओळ खोडा. पोरगी सातवीपर्यंत रत्नागिरीत मराठी शाळेत होती."

"बघतो, इन्शाल्ला," मी म्हणालो. इथल्या ऑफिसांत याचा अर्थ 'होणार नाही' असा होतो, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ते गेले.

पहिल्या आलेल्या मुलीची आई बटाटेवडे वाढताना हसत म्हणाली, "ह्यांनी दुक्मच्या साइटवरून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला हो, हिने नुसता उतरवला. सगळेच करतात ना, काका?" मी आणखी एक वडा घेतला.

महिन्याभराने हमरियाला गेलो. निमित्त हवं म्हणून पिशवीत एक चांगली पॅन्ट घेतली. पुढे ते कुटुंब कोकणात परतलं, त्यामुळे ती एकच संधी होती. दुकानात मुलगी एकटी होती. मला ओळखून उठून उभी राहिली.

"अब्बा नमाजला गेलेत. काय करायचंय, काका?"

बाळ, तो निबंध तुझाच होता, चूक माझी, मला माफ कर. टॅक्सीत हे चारदा म्हणून पाहिलं होतं.

"आखूड करायची," मी म्हणालो. "दोन इंच."