डागमास्तरांचं टेबल

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात आमच्या ह्यांना सगळे डागमास्तर म्हणायचे. काउंटरवर मी पावत्या लिहायचे, मागच्या टेबलावर हे डाग पारखायचे. तेवीस वर्षं. आणि बोलायची कोण हौस! कॉलेजात रसायनशास्त्र दोनच वर्षं झालेलं, पण गिऱ्हाईक तावडीत सापडलं की वर्ग सुरू.

"पाण्याचा रेणू वाकडा असतो, ताई. मध्ये ऑक्सिजन, दोन्ही हायड्रोजन एका अंगाला झुकलेले. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून एक बाजू ऋण, दुसरी धन. साखरेलाही अशा बाजू असतात, म्हणून पाणी तिला धरून बाहेर काढतं. आमचं यंत्र पाण्याऐवजी सॉल्व्हंटने धुतं; त्याच्या रेणूत मधोमध दोन कार्बन, चार कोपऱ्यांत चार क्लोरीन. ओढतात चौघंही, पण समोरासमोर, सारख्याच जोराने. मग कुणाचंच चालत नाही, बाजूच उरत नाही. अशाला तेलच मानवतं."

"अहो, त्यांना पावती तरी घेऊ द्या!" मी ओरडायचे.

गेल्या वर्षी ह्यांनी फिकट पिवळा शर्ट पांढऱ्या कपड्यांत टाकला. मी हसले. आठवड्याने पुन्हा तेच. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रंगीत ठिपक्यांचे तक्ते दाखवले, काम काय करता ते विचारलं आणि पेन खाली ठेवलं. निळ्या-पिवळ्यातला फरक गेलाय, परत येईल अशी आशा धरू नका, म्हणाल्या. वाटेत हे शांतपणे म्हणाले, "जे तेलात मिसळतं ते अंगातल्या चरबीतही मुरणारच. मज्जातंतूंना तर चरबीचंच वेष्टण. मला कळायला हवं होतं." असा संताप आला मला! सगळ्या जगाला शिकवलं, आणि स्वतः उघड्या नाकाने सॉल्व्हंटच्या वाफा हुंगत बसले.

मालकांना कळलं असतं तर टेबल गेलं असतं, आणि दुसरं काम ह्यांना येत नव्हतं. म्हणून पावती लिहितानाच मी मोठ्याने रंग बोलू लागले. "खिशावर फिकट पिवळा डाग!" सात महिने असे निभावले.

मग मी एक दिवस तापाने घरी पडले. त्याच दिवशी पांढरा कोट आला, छातीवर फळांचा फिकट पिवळा रस सांडलेला. असा साखरेचा डाग आधी पाण्याने काढायचा, हे ह्यांनीच मला शिकवलेलं. पण ह्यांना डाग दिसलाच नाही. कोट सरळ यंत्रात गेला. सॉल्व्हंटने साखरेला हातसुद्धा लावला नाही, आणि सुकवायच्या गरम हवेत ती करपली. तळहाताएवढा तपकिरी डाग, कायमचा.

दुसऱ्या दिवशी मालकांनी दोघांना मागच्या खोलीत बोलावलं. आरडाओरडा केला नाही. ह्यांच्यापुढे दोन रुमाल ठेवले, एक पांढरा, एक फिकट पिवळा. "मास्तर, पिवळा कुठला?"

ह्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि चुकीचा उचलला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले. "वहिनी, टेबल तुम्ही घ्या. तुमची नजर चांगली आहे."

त्या खोलीला खिडकी नाही. सॉल्व्हंटचा गोडसर वास भिंतींत मुरलाय. हे माझ्याकडे बघून मान हलवत होते.

"नाही म्हण," ते ओरडले. इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदाच. "ऐक माझं, नाही म्हण!"

मी त्यांच्या गळ्यातला एप्रन काढून घेतला, स्वतःला बांधला, आणि आधी कुठला कपडा घेऊ ते मालकांना विचारलं.