अकराशे अकरा कोटींची संख्या

नाना मास्तर गेल्याचं मला कळसाडीच्या शाळेत कळलं. शहाद्याला कापूस टाकून परतलेल्या गाडीवानाने दारातूनच सांगितलं. मी वर्ग सोडून दिला. रडू आलं नाही, फक्त फार दमल्यासारखं झालं... ते अजून तसंच आहे.

शहाद्याच्या शाळेत आम्ही दोघं शेजारच्या वर्गांत गणित शिकवायचो. कुणाला तंबाखूचं व्यसन असतं, नानांना एका संख्येचं होतं. एकचा अंक अकरा वेळा ओळीने मांडला की होते ती: अकराशे अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. ही मूळसंख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, अशी त्यांची खात्री होती. सिद्ध करणं तेवढं राहिलं होतं. तिचा मूळ भाजक असलाच तर तो बाविसाच्या पटीहून एकाने मोठा असणार, एवढं त्यांनी शोधलं होतं. मग असा एकेक आकडा घ्यायचा, भागायचं आणि नवाचा ताळा पाहायचा, म्हणजे अंकांच्या बेरजेने उत्तर पडताळायचं. ताळा जमला की खुशाल झोपा, असं ते मुलांनाही सांगत.

पुढे मोतीबिंदूने डोळे गेले. वहिनी वैतागून म्हणत, "त्या आकडास्नी तुमना डोळा खाई टाकात." लिहिणं थांबलं, तसे नाना खाटेवर पडून पहिल्यापासून सगळं तोंडी करू लागले.

शेवटच्या भेटीत मी आत पाऊल टाकताच ते म्हणाले, "मन्ही संख्या तुटनी, भाऊ."

एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने तिला पुरता भाग जात होता. हाच आकडा त्यांनी पूर्वी तपासून सोडला होता. तेव्हा उरलेली बाकी आठवून त्यांनी चूकही पकडली. भागाकाराच्या मधल्या एका पायरीत त्रेचाळीस आले होते, आणि त्रेचाळीस म्हणताना तीन आधी येतो. बोलत बोलत लिहिताना हातानेही तीनच आधी लिहिला आणि झाले चौतीस. बेरीज दोन्हींची सातच, म्हणून ताळा जमला. पोरांना याच चुकीसाठी आम्ही छड्या दिलेल्या... मला फार वाईट वाटलं.

नानांची चिंता वेगळीच होती. "हाऊ भाजक आन् उना तो भागाकार, ह्या दोन्ही आखो तुटतस का? तेवढं माले समजाले पाहिजे." बोलताना धाप लागली. त्यांना आणखी भाग जातो का ते मी पाहतो, तुम्ही पडा, म्हणालो.

नाना गेल्यावरही मी चालू ठेवलेलं ते काम गेल्या रविवारी संपलं. ताळ्यावर न विसंबता प्रत्येक भागाकार दोनदा केला. लगेच शहाद्याला गेलो. नानांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती, वहिनी तिच्याशेजारी बसल्या होत्या.

"वहिनी, ते दोन्ही आकडे नाही तुटत," मी सांगितलं. "मूळ आहेत."

वहिनींनी खाटेकडे पाहिलं.

"आते त्यास्ले कोन सांगी, भाऊ?"