बेल वाजली की आई

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला तर मुळीच नाही — खोटं पहिल्यांदा त्याच्याशीच बोलले ना मी.

एवढं काय केलंस, असं म्हणाल. थांबा, सांगते. मलाच मुद्द्यावर यायला जड जातंय.

ईशान वर्षाचाही झाला नव्हता, तेव्हा मी महापेच्या ऑफिसात परत रुजू झाले. कामोठ्याच्या आमच्या फ्लॅटवर त्याला सांभाळायला सुरेखाताई यायच्या. जवळच्याच गावातल्या. आधी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पोळ्या करायच्या, मग वर आमच्याकडे. त्यांच्याजवळ तो पोटभर जेवायचा, न रडता झोपायचा. मला हेच हवं होतं — आणि हेच सहन होत नव्हतं. असं का होतं माणसाचं?

एका सकाळी बेल वाजली. ईशान माझ्या कडेवर. मी दार उघडलं, दारात सुरेखाताई, आणि हा त्यांच्याकडे दोन्ही हात पसरून स्वच्छ म्हणाला, "आई."

त्याचा पहिला शब्द.

ताई ओशाळल्या. "अरं, आई ती हाय, मी नाय," म्हणाल्या. मीही हसले. बसमध्ये बसल्यावर मात्र अंगाचा नुसता तिळपापड झाला. हिनंच शिकवलं असणार! दिवसभर स्वतःला आई म्हणवून घेत असणार, दुसरं काय?

त्याच आठवड्यात मी नवऱ्याला सांगितलं — आज अवेळी घरी आले, तर बाळ रडून लाल झालेलं आणि ताई मोबाइल बघत बसलेल्या. मी अवेळी घरी आलेच नव्हते. ताईंचं काम गेलं. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण लिफ्टमध्ये काकू भेटल्या आणि मी त्यांनाही तेच सांगितलं, वर तिखटमीठ लावून. काकूंनीही त्यांना काढलं.

जाताना ताईंनी एवढंच विचारलं, "वहिनी, माझा काय चुकला?" मी म्हटलं, काही नाही, सासूबाई राहायला येणार आहेत. तेही खोटंच.

मग मी रजा टाकली. एका दुपारी ईशान चटईवर खेळत होता, मी त्याच्या मागे मोबाइल धरून — काही बोलला तर व्हिडिओत यावं म्हणून. बेल वाजली. "आई, आई," करत तो दाराकडे रांगत सुटला.

दारात कुरियरवाला होता.

आणि मला आठवलं. संध्याकाळी मी बेल वाजवायचे तेव्हा दाराआडून रोज ऐकू यायचं, "बेल वाजली, कोन आला? आई आली, आई आली." रोज ऐकलं होतं मी. त्या त्याला माझंच नाव शिकवत होत्या. त्यानं त्याच्यापुरता अर्थ लावला — बेल वाजते, दार उघडतं, आणि आपल्याला हवं ते माणूस येतं, ती आई. सकाळी कोण यायचं?

मग मी काय केलं? काकूंकडे गेले? ताईंचं घर शोधलं? गाव तर रिक्षानं जाण्याइतकं जवळ होतं. मी तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "पहिला शब्द!"

ईशान आता शाळेत जातो. दर वाढदिवसाला तो व्हिडिओ टीव्हीवर लागतो. सगळे म्हणतात, बघा, आईची कशी वाट बघत होता. तो दाराकडे चाललाय आणि मोबाइल धरून मी त्याच्या पाठीमागे उभी आहे, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.